चहातून दिलेलं औषध

कोकणात विचारल्याशिवाय काही होत नाही. घराचं जोतं घालायचं, विहीर खणायची, मुलीच्या स्थळाला होकार द्यायचा, तर आधी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव पाषाणावर भिजवलेले तांदूळ नाहीतर कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवा पडतो की डावा हे बघत घरची माणसं हात जोडून उभी राहतात. डावा पडला तर बेत रहित. देवालाही ‘नाही’ म्हणण्याची सोय इथल्या माणसांनी करून ठेवली आहे. घरातल्या कुणाची रात्र-रात्र झोप उडाली, तो भिंतीशी बोलू लागला, ‘माझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय’ असं म्हणू लागला, की विचारणाऱ्यांची धावपळ सुरू होते. देवाला विचारतात, भगताला विचारतात, मुंबईच्या काकांना फोन जातो, ओळखीच्या कंपाउंडरला गाठतात, शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात. ज्याचं दुखणं त्याला मात्र कुणी विचारत नाही. त्याला काही कळत नाही, हे आधीच ठरून गेलेलं असतं.

पावस हे गाव मनाच्या स्वास्थ्यासाठीच ओळखलं जातं. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून फणसोप, गोळप करत साधारण वीस किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. १९०३ साली इथे जन्मलेल्या रामचंद्र विष्णु गोडबोले यांना महाराष्ट्र स्वामी स्वरूपानंद म्हणून ओळखतो. १५ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या समाधिमंदिरात वर्षभर माणसं येतात, घटकाभर डोळे मिटून बसतात, प्रसाद घेतात आणि हलकी होऊन परत जातात. ती आपल्या पायांनी आलेली असतात, कंटाळा आला की उठून जाऊ शकतात. मनाला बरं वाटावं म्हणून केलेल्या कुठल्याही गोष्टीत एवढं तरी असायला हवं, असं मला वाटतं.

त्याच रस्त्यानं उलट्या दिशेला गेलं की रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १८८६ साली सुरू झालेलं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं तेही त्याच वर्षी. पुढे १९२४ पासून सावरकर इथेच स्थानबद्ध होते. नजरेआड करायच्या माणसांसाठी सरकारला ही जागा सोयीची वाटत असावी. तेव्हा आगगाडी नव्हती, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला घाट. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. येरवड्यात २,५४० खाटा, ठाण्यात १,८५०, नागपुरात ९४० आणि रत्नागिरीत ३६५. आकारानं सगळ्यांत लहान असलं तरी घाटावरून, कोल्हापूर-सांगलीकडूनही इथे पेशंट येतात.

पण संमतीचा प्रश्न या फाटकाशी सुरू होत नाही. तो घरच्या चुलीशी सुरू होतो.

एक घर डोळ्यांसमोर आणा. घर कल्पनेतलं आहे, तरी पावस पंचक्रोशीत ते कुणालाही ओळखीचं वाटेल. चिरेबंदी घर, मागे कलमांची बाग, घरात वयस्क आई आणि तिशीतला मुलगा. थोरला भाऊ मुंबईला. धाकटा आधी कॉलेजात हुशार, मग नोकरी सुटली, मग माडीवरच्या खोलीत दार लावून बसू लागला. देवस्की झाली, गंडे-दोरे झाले. शेवटी भाऊ एकटाच डॉक्टरकडे गेला, सगळी हकिकत सांगितली आणि पातळ औषधाची बाटली घेऊन आला. पेशंटला डॉक्टरनं पाहिलेलंच नाही. आता सकाळच्या चहात आई रोज थेंब मोजून टाकते. मुलगा शांत झाला, झोपू लागला. घरानं सुटकेचा श्वास टाकला.

मुलाची मुख्य तक्रार काय होती? माझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय. भ्रम होता तो. आता तो खरा झाला आहे, आणि खरा केलाय आईनं. ज्या दिवशी त्याला बाटली सापडेल त्या दिवसापासून तो आईच्या हातचं पाणीही पिणार नाही. त्याला आजारी म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

याला अपवादात्मक प्रकार समजू नये. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेतले टी. एन. श्रीनिवासन आणि आर. थारा यांनी २००२ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांची कुटुंबं औषध न घेणाऱ्या माणसाला कशी हाताळतात यावर लिहिलं, तेव्हा ही चोरून औषध देण्याची रीत त्यांनी उघडपणे मांडली आणि डॉक्टरांमध्ये वाद झाला. ब्रिटनमध्येही जेवणातून औषध दिलं जातं, पण त्याआधी त्या माणसाची निर्णयक्षमता तपासावी लागते, बैठक घ्यावी लागते, नोंद करावी लागते, ठरावीक काळानं फेरविचार करावा लागतो. आपल्याकडे बाटली आणि चमचा पुरतो.

गंमत, म्हणजे वाईट गंमत, अशी की यासाठी सर्रास वापरलं जाणारं रिस्पेरिडोनचं पातळ औषध पाण्यातून, कॉफीतून, संत्र्याच्या रसातून किंवा कमी सायीच्या दुधातून घ्यावं, चहातून घेऊ नये, असं कंपनीच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. चहाशी ते जुळत नाही. ज्याला उघड औषध दिलं जातं त्याला हे सांगितलं जातं. ज्याला चोरून दिलं जातं त्याच्यासाठी ते माहितीपत्रक नसतंच.

याचे परिणाम अंगावर उमटतात. रिस्पेरिडोननं प्रोलॅक्टिन वाढतं, त्यामुळे बाईची पाळी थांबू शकते, मूल नसताना छातीतून दूध येऊ शकतं. नव्या सुनेला सासरी चहातून हे औषध जात असेल तर ती दिवस राहिले म्हणून आनंदेल, नाहीतर घाबरेल, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला औषधाचं नाव सांगू शकणार नाही, कारण ते तिलाच माहीत नाही. ओलान्झपिननं वजन आणि साखर वाढते. क्लोझापिन चालू असेल तर पांढऱ्या पेशी ठरल्या वेळी तपासाव्या लागतात, लिथियम चालू असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट दिलं आणि ती गरोदर राहिली, तर साधारण दहांतल्या एका बाळाला जन्मजात व्यंग असतं, आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं कधीकधी मान एकीकडे वळून आखडते, जीभ जड होते, बुबुळं वर जाऊन तिथेच अडकतात. औषध दिल्याचं माहीत असेल तर डॉक्टर एका इंजेक्शननं हे उतरवतात. गुपचूप दिलं असेल आणि देणारी सासूच तेवढी घरात असेल, तर शेजारपाजारची माणसं बघून काय म्हणतील? अंगात आलं म्हणतील. पुन्हा भगत.

त्या आईला मी दोष देणार नाही. तालुक्याच्या गावापर्यंत मुलाला नेणं म्हणजे काय, हे ज्यानं रिक्षात बसायला नकार देणारा, रस्त्यात उतरून पळणारा पंचवीस-तीस वर्षांचा माणूस सांभाळला आहे त्यालाच कळेल. तिला कुणी दुसरा मार्ग दाखवला नाही. डॉक्टरनं भावाला सांगायला हवं होतं की त्याला घेऊन या, नाही आला तर मी फोनवर बोलतो, आधी त्याला झोप लागत नाही एवढ्यावरच बोलू. आजाराचं नाव मान्य नसलेली माणसंही झोपेबद्दल बोलायला तयार होतात. रोज गोळी नको असेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. अंग आखडत असेल तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. हे पर्याय मांडणं म्हणजेच संमती घेणं. त्याला वेळ लागतो, आणि ओपीडीत तोच नसतो. डॉक्टरांची बाजू घेणारं मी लिहीन तर एवढंच.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, आणि त्याचं बरंचसं काम महाराष्ट्रात झालं आहे. रत्नागिरीचं रुग्णालय सुरू झालं तेव्हा १८५८ चा कायदा होता. मग १९१२ चा लुनसी ॲक्ट आला. वेड्या माणसापासून समाजाचं रक्षण, ही त्यांची भूमिका. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला, भाषा सुधारली, पण नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर माणसाला नव्वद दिवस आत ठेवता येत होतं. २००७ मध्ये भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आणि जुना कायदा त्यात बसेना. नव्याचा मसुदा पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्रात तयार झाला, मनोविकारतज्ज्ञ सौमित्र पाठारे त्यात पुढे होते. ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू झाला.

त्यात संमतीची व्याख्या आहे. एका ठरावीक उपचारासाठी दिलेली, जबरदस्ती, दबाव, फसवणूक, धमकी किंवा गैरसमजातून न आलेली, आणि त्या उपचाराचे धोके, फायदे आणि पर्याय त्या माणसाला समजेल अशा भाषेत, समजेल अशा रीतीनं सांगितल्यानंतर दिलेली. दाखल होताना घेतलेल्या एका सहीत पुढचं सगळं बसत नाही, हे ‘ठरावीक’ या शब्दानं सांगितलं. याहून मोठी गोष्ट चौथ्या कलमात आहे. मानसिक आजार असलेल्या प्रत्येक माणसाला निर्णय घेण्याची क्षमता आहे असंच धरून चालायचं. ती नसल्याचं दिसलं तर मदतीनं निर्णय घ्यायचा. आणि त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं म्हणायचं नाही. आपल्या घरांत नेमकं हेच म्हटलं जातं. औषधाला हो म्हणाला तर सुधारला, नको म्हणाला तर आजार बोलतोय.

‘चल, जरा रत्नागिरीला जाऊन येऊ, तुझा दात दाखवू’ असं सांगून माणसाला गाडीत बसवणं आणि मनोरुग्णालयाच्या दारात उतरवणं ही दुसरी जुनी रीत. कायद्यात फसवणूक हा शब्द आहे तो यासाठी. माणसाला स्वतःहून दाखल होता येतं. तशा पेशंटनं जातो म्हटलं तर त्याला सोडावं लागतं, फार तर चोवीस तास थांबवून तपासता येतं. स्वतःहून येण्याच्या अवस्थेत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाच्या, अर्जावर तीस दिवसांपर्यंत ठेवता येतं, पण दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ. त्यानं स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा नुकताच प्रयत्न केला आहे, धमकी दिली आहे, किंवा तो स्वतःची काळजी घेऊच शकत नाही, असं काहीतरी असावं लागतं. घरात भांडतो, लग्नाला नाही म्हणतो, जमिनीच्या कागदावर सही करत नाही, ही कारणं त्यात नाहीत. सात दिवसांत कायद्यानं नेमलेल्या पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा तपासायची. परतली की पुन्हा त्यालाच विचारायचं. अगदी आणीबाणीत त्याच्या संमतीवाचून उपचार करता येतात ते बहात्तर तासांपर्यंत, आणि त्यात शॉक देता येत नाहीत. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे. कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायलाही बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांनी बांधलेली अठ्ठावीस माणसं गेली, त्यांना पळताही आलं नाही. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर तो पाहायला उरले नाहीत.

मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायलाही मानसिक आरोग्यसेवा कायद्यात बंदी आहे, ती वाचताना मला शिरूर आठवतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कारण काय, तर पाळीच्या दिवसांतली स्वच्छता सांभाळता येत नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते उभे राहिले, शस्त्रक्रिया थांबल्या, पण काही होऊन गेल्या होत्या. हेतू चांगला होता असं तेव्हा सांगितलं गेलं. चहात थेंब टाकणाऱ्या हाताचाही हेतू चांगलाच असतो.

तपासणीच्या संमतीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. उपचाराला निदान एखादी सही होते. शाईच्या डागांची चाचणी, बुद्ध्यांकाची चाचणी, दीडशे प्रश्नांची प्रश्नावली यांना बसवताना हा अहवाल कुणाच्या हातात जाणार हे किती जणांना सांगितलं जातं? लग्न मोडताना तो कागद बाहेर येतो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वैवाहिक दाव्यात न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं. हा आदेश द्यायला सबळ कारण लागतं, पण तपासणी नाकारणाऱ्यावर प्रतिकूल अनुमान काढता येतं. याउलट २०१० च्या सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही असा निर्णय त्याच न्यायालयानं दिला. संशयित गुन्हेगाराच्या मनाला जे कुंपण मिळालं ते नवरा-बायकोच्या भांडणातल्या मनाला तितकं पक्कं मिळालेलं नाही, असं माझं मत आहे. आणि हे प्रकरण लग्नाआधीच सुरू होतं. आजार लपवून लग्न लावणं ही आपल्याकडची सामाजिक रीत आहे. लपवलेला आजार, म्हणून लपवून दिलेलं औषध, म्हणून पुढे कोर्टात फसवणुकीचा आरोप. मुलाकडचे असोत की मुलीकडचे, या व्यवहारात ज्या दोघांना उभा जन्म काढायचा त्यांची संमती अर्ध्या माहितीवर घेतलेली असते.

मनोरुग्णालयाच्या आत गेलेल्यांचं पुढे काय होतं? मुंबईतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा पतीनं ठाण्याच्या रुग्णालयात ठेवलेल्या, बरी होऊनही वर्षानुवर्षं तिथेच राहिलेल्या एका बाईची हकिकत समोर आली. दहा-दहा वर्षं राहिलेल्यांचा आढावा घ्यायला न्यायालयानं सांगितलं. ‘हंस फाउंडेशन’च्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत सरकारी मनोरुग्णालयांतले छत्तीस टक्क्यांहून अधिक रहिवासी वर्षाहून जास्त काळ तिथे असल्याचं आढळलं. त्यांच्या घरी पत्ते बदललेले असतात, वाटण्या झालेल्या असतात. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेनं अशांसाठी चार-पाच जणांनी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायचं, असा ‘होम अगेन’ हा मार्ग काढला आणि तो रत्नागिरीतही आला. स्वयंपाकात आज काय करायचं हे त्या घरात राहणाऱ्यांना विचारलं जातं. ज्याला वीस वर्षं कुणी काही विचारलेलं नाही त्याच्या संमतीची सुरुवात तिथून व्हावी, हे मला पटतं.

भाषेचा मुद्दा पावसला फार जवळचा आहे. इथल्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळची माणसं आहेत, बागेतल्या खोपीत महिनोन्महिने राहणारी. त्यांच्यातला एखादा आजारी पडला तर त्याला समजेल अशी भाषा कुठली? कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मराठीत झालेलं समजावणं त्याच्यासाठी झालेलंच नाही. पण आपल्या मराठी माणसालाही ‘सायकोसिसचे फीचर्स आहेत, अँटिसायकोटिक सुरू करतोय’ हे समजत नाही. त्यावर मान डोलावणं ही संमती धरायची का?

या कायद्यानंही भागत नाही असं म्हणणाऱ्या पुण्याच्या भार्गवी दावर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्यांच्या आईनं मनोरुग्णालयं भोगली होती. त्यातून त्यांनी ‘बापू ट्रस्ट’ उभा केला आणि २०२४ मध्ये जाईपर्यंत एकच गोष्ट मांडत राहिल्या: इच्छेविरुद्ध दाखल करायची एकही वाट कायद्यानं ठेवू नये, आधार द्यावा. उलट बाजूला अनेक मनोविकारतज्ज्ञ म्हणतात की कागदपत्रांनी आमचे हात बांधले आणि भारतीय कुटुंबावर अविश्वास दाखवला. माझा कल दावर यांच्या बाजूला आहे, पण पूर्ण नाही. रात्री दोन वाजता विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला आई धरते तेव्हा ती संमती विचारत नाही आणि विचारूही नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, आठवड्यानं, महिन्यानं तिनं आणि डॉक्टरनं काय केलं, यावर मी त्यांना जोखीन. बहात्तर तास ठीक. बहात्तर महिने चहातून, हे ठीक नाही.

आता वाचकांना एक विनंती. सणासुदीला चाकरमानी गावी आलेले असतात, घर भरलेलं असतं. ज्याला कधीकाळी असा आजार होऊन गेला आहे त्यानं, आणि ज्याला झालेला नाही त्यानंही, बरं असताना हे ठरवून ठेवावं की पुढे वेळ आली तर आपल्या वतीनं कोण बोलेल. मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सज्ञान माणसाला तसा अधिकार दिला आहे. कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, याचं आगाऊ निर्देशपत्रही करता येतं. त्यासाठी ठरलेला नमुना आहे, आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क याच कायद्यात आहे. काहीच लिहिलं नाही तर तुमचा नातेवाईक आपोआप प्रतिनिधी ठरतो, मग तो कुणीही असो. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ ही टेली-मानस सेवा चोवीस तास, मराठीतही, चालते. प्रतिनिधी नेमायला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा पुरतो, आणि तो कागद केव्हाही बदलता येतो. ज्याला नेमाल तो सज्ञान हवा, आणि हे काम करायला त्याची लेखी संमती लागते.